लवकरच कॅप्टन

आमच्या आणि जिजींच्या अंगणाच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. बांधताना ती डोक्याएवढी करायचं दोन्ही घरांत ठरलं होतं, पण गवंड्यानं हिशेब सांगितला आणि भिंत कमरेवरच थांबली. बरंच झालं. वर्षभर त्या भिंतीवर माझा चहाचा कप असतो आणि उन्हाळ्यात जिजींचं बिबड्यांच्या घाट्याचं पातेलं.

परवा सकाळीही होतं. ज्वारीचा घाटा वाफाळत होता, त्यात तीळ, लसूण, जिरं. जिजी पाण्यात हात बुडवायच्या, मुठीएवढा गोळा ओल्या फडक्यावर टाकायच्या आणि बोटांनी थापत थापत ताटाएवढा करायच्या. मग फडकं उचलून खाटेवर पालथं घालायचं आणि एका कडेनं हलकेच सोलून काढायचं. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी मला हे जमलेलं नाही. माझं बिबडं फडक्यालाच चिकटतं.

वरून ‘भुंगा’ गेला. अजिंठा रस्त्याकडच्या आमच्या कॉलनीवरून कुसुंब्याच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं वैमानिक घडवण्याच्या शाळांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात आपलं जळगाव होतं. तेव्हापासून हा भुंगा आमच्या डोक्यावर आहे. एकच पोर दहा-दहा वेळा उतरतं आणि उठतं. जिजी म्हणतात, एवढ्या वेळात मी शंभर बिबडे घातले असते.

“बाई, चष्मा आहे का तुझा?” जिजींनी हात पुसले, पदराआडून मोबाइल काढला. “वाच बरं. नातीसाठी स्थळ आलंय. धुळ्याचं.”

नात म्हणजे त्यांच्या बहिणीची नात, पुण्यात कंपनीत आहे. मी चष्मा लावला. वर गणपती, खाली बायोडाटा. शिक्षण बी. एस्सी., सीपीएल. व्यवसाय पायलट, आणि पुढं एक स्वल्पविराम देऊन ‘लवकरच कॅप्टन’. वार्षिक उत्पन्न ३६ लाख. स्वतःचं घर, देवपूर, धुळे. खाली फोटो होता. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, गॉगल.

तो माझा भाचा होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा. आणि त्याच्यासाठी मुली बघायला लागलेत हे मला शेजारणीच्या मोबाइलवरून कळत होतं!

“काय व, गप का झालीस?”

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण भिंत कमरेएवढी. चेहरा लपत नाही. सांगून टाकलं.

जिजींचा घाट्यातला हात तसाच राहिला. “व माय! तुझा भाचा? मग तर बरंच झालं, चौकशीला दुसरीकडं जायला नको. सांग आता. पगार खरा का?”

तेवढ्यात आतून नाना आले. नाना म्हणजे जिजींचे मालक, भुसावळला रेल्वेत मेलचे ड्रायव्हर होते. ‘लोको पायलट’ हे नाव नंतर आलं, पण नाना मागच्या सगळ्या नोकरीलाही तेच लावतात. त्यांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि पट्ट्या मोजल्या.

“तीन.”

“काय तीन?”

“पट्ट्या तीन. कॅप्टनला चार असतात. हा असिस्टंट आहे.”

“को-पायलट म्हणतात, नाना.”

“तेच. आमच्याकडं असिस्टंट.” नानांनी खुर्ची भिंतीशी ओढली. “आता ‘लवकरच’ म्हणजे कधी, ते विचारा.”

खरं तर सगळी गंमत त्या एका शब्दात होती. बहिणीचा नवरा धुळ्यात कृषी केंद्र चालवतो. ‘लवकरच पाऊस’, ‘लवकरच नवीन स्टॉक’ असं म्हणत त्याचा जन्म गेला. हा शब्द त्याचाच.

मला माहीत होतं ते मी सांगायला लागले. पोरगा शिकला धुळ्यातच, गोंदूरच्या विमानतळावर. तिथं बॉम्बे फ्लाइंग क्लबची शाळा आहे. १९२८ चा क्लब, मूळचा जुहूचा. जेआरडी टाटा उडायला शिकले ते याच क्लबात. तिकडं शिरपूरलाही तांड्याच्या धावपट्टीवर पोरं शिकतात. म्हणजे खान्देशात बोअरला पाणी नसेल, पण विमान शिकायच्या शाळा तीन. दोनशे तास उडायचं, नेव्हिगेशन, हवामान, नियम असे पेपर द्यायचे, डोळे-कान-हृदय तपासून घ्यायचं, तेव्हा सीपीएलचं लायसन हातात पडतं. पन्नास-साठ लाख जातात. त्यावर एअरबस चालवायची तर त्याच जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण, टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. बहिणीनं सोनगीरजवळचं चार एकर विकलं आणि उरलेल्यासाठी देवपूरचं घर बँकेकडं ठेवलं. बायोडाट्यात ‘स्वतःचं घर’ आहे, पण कागद बँकेत आहेत. हे सांगताना मी जरा थांबले, पण सांगितलं.

“आणि पडलं बिडलं तर?” जिजींनी आकाशाकडं बघितलं. त्यांचं माहेर चोपडा तालुक्यातलं. जुलै २०२१ मध्ये तिकडं वर्डी शिवारात शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ मुलगी वाचली. पाऊस, डोंगर, रस्ता नाही. तिथल्या एका आदिवासी बाईनं अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी करून त्या पोरीला खाली आणलं. जिजी ही गोष्ट दर उन्हाळ्यात एकदा सांगतात आणि साडीपाशी आल्या की गप्प होतात. या वेळीही झाल्या.

मग स्वतःच म्हणाल्या, “पण आपल्या बोदवडकडच्या प्रतिभाताई? राष्ट्रपती असताना चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याला सुखोईत जाऊन बसल्या. भ्यायच्या काय त्या? आपला विमानतळही त्यांनीच उघडला, २०१२ ला. तर ते सोड. पगार सांग.”

पगाराचं मी ऐकून होते, पण खात्री नव्हती. म्हटलं, त्यालाच विचारते. भाचा गुवाहाटीला हॉटेलात होता, रात्रीचं उड्डाण करून झोपलेला. मी स्पीकर लावला. जिजींनी तोंडावर घाट्याचं बोट ठेवून खूण केली, आम्ही इथं आहोत हे सांगू नकोस. नाना पुढं वाकले.

“मावशी, छत्तीस लाख कागदावर. टॅक्स, पीएफ जाऊन हातात सव्वादोन लाख येतात. त्यातला चौऱ्याहत्तर हजारांचा हप्ता.”

“आणि कॅप्टन झालास की?”

“पाच-सहाच्या पुढं. काही जण सात-आठपर्यंत जातात. कंपनी, अनुभव आणि किती उडलो, यावर.”

“किती उडलो म्हणजे?”

“महिन्याला ठरावीक तासांचा पगार बांधलेला असतो. त्याच्या वर उडलो तर तासावर पैसे. पण तास धरतात ते विमान जागेवरून हललं तेव्हापासून थांबेपर्यंत. विमानतळावर चार तास ताटकळलो तर ते पगारात नाहीत.”

नाना खुर्चीतच उसळले. आवाज निघाला. “किलोमीटर! हे आमचं किलोमीटरच झालं!”

“कोण आहे मावशी?”

आता लपवून काय उपयोग? सांगितलं. पोरगा हसला. नाना मग फोनवरच सुटले. रेल्वेत रनिंग स्टाफचा खरा पैसा बेसिकमध्ये नसतो, गाडी किती पळाली त्यावर असतो. लूपला मालगाडी घालून ठेवली की पोटात कसं व्हायचं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. भाच्यानं त्यांना विस्तारा विमान कंपनीची गोष्ट सांगितली. टाटांनी विस्तारा एअर इंडियात मिसळायची ठरवली, तेव्हा पगाराची रचना बदलली. आधी सत्तर तासांचा पगार बांधलेला होता, तो चाळीस तासांवर आणला. एप्रिल २०२४ मध्ये को-पायलटांची तब्येत एकदम बिघडायला लागली, विमानं रद्द झाली, कंपनीला रोजची उड्डाणं कमी करावी लागली.

“सगळे एकदम आजारी?” जिजींनी विचारलं.

“आमच्याकडं त्याला मास सिक म्हणायचे,” नाना समाधानानं म्हणाले.

“बरं, ते राहू दे,” जिजींना आता राहवेना. फोनशी तोंड नेऊन म्हणाल्या, “बेटा, लवकरच म्हणजे कधी?”

पलीकडं शांतता. मग, “काकू, ते बाबांनी लिहिलंय.”

“ते कळलं. कधी?”

“माझ्या वर सोळाशे आहेत.”

जिजींनी आधी गच्चीकडं, मग माझ्याकडं बघितलं.

त्यानं समजावलं. कॅप्टन व्हायला दीड हजार तासांचं वरचं लायसन लागतं, ते त्याच्याकडं आहे. कंपनीला याहून जास्त तास लागतात, तेही भरलेत. सिम्युलेटर, मुलाखत, सगळ्याला तयार आहे. पण बोलावणं येतं ते ज्येष्ठता यादीनं. रुजू झाल्याची तारीख आणि त्या तारखेतला क्रम. डावीकडची खुर्ची, मुक्काम कुठल्या शहरात, दिवाळीची सुट्टी, सगळं त्या आकड्यावर. त्याच्याबरोबर गोंदूरला शिकलेला मित्र चार महिने आधी लागला. याच्या कानाचा एक रिपोर्ट मेडिकलवाल्यांनी पुन्हा मागवला, त्यात ते चार महिने गेले. “तेव्हा कंपनी दर आठवड्याला माणसं घेत होती मावशी. त्या चार महिन्यांत माझ्यापुढं तीनशे जण बसले.”

मला हे नवीन नव्हतं. आमच्या जिल्हा परिषदेत सेवाज्येष्ठता यादी लागली की आख्खं शिक्षक सोसायटीचं ऑफिस भिंतीला नाक लावून उभं असायचं. एका तारखेला रुजू झालेल्या दोघींमध्ये वरची कोण, यावरून दोन बायका सतरा वर्षं बोलत नव्हत्या. त्यातली एक मी.

नानांनी तोवर विटेचा तुकडा उचलला होता आणि भिंतीवर गणित मांडलं होतं. एका विमानामागं पायलट लागतात दहा-बारा, त्यातले निम्मे कॅप्टन. म्हणजे एक विमान आलं की पाच-सहा खुर्च्या. “वर्षाला किती विमानं येतात तुमच्याकडं?”

“ठीक चाललं तर पन्नास.”

“पावणेतीनशे. सोळाशेला पावणेतीनशेनं भाग.” नानांनी विटेनं रेघ ओढली. “जवळजवळ सहा वर्षं. हे तुमचं लवकरच.”

“मधे कोणी सोडून जातात, कोणी निवृत्त होतात. थोडं आधी होईल.”

“आणि विमानं आली नाहीत तर?”

त्याला उत्तर नव्हतं. इंडिगोनं जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानं मागवली, त्याआधी फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७०. पण मागवलेलं विमान म्हणजे आलेलं विमान नव्हे, आणि आलेल्यालाही इंजिन लागतं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा इंजिनं मिळत नाहीत हेच कारण तिनं पुढं केलं. वाढत्या कंपनीत रांग पुढं सरकते ती नवीन विमानांमुळं. कंपनी वाढायची थांबली की पुढचा माणूस निवृत्त होईपर्यंत मागच्यानं त्याच्या पाठीकडं बघत बसायचं. आणि पायलट निवृत्त होतो पासष्टाव्या वर्षी.

“दुसरी कंपनी धर मग,” जिजी म्हणाल्या. तिसरं फडकं ओलं करून झालं होतं.

इथं पोरगा जरा घुटमळला. म्हणाला, आलंय एक. छोट्या एटीआर विमानांची कंपनी आहे. ती दोन वर्षांत कॅप्टन करते म्हणते.

एटीआर म्हटल्यावर जिजींचे डोळे चमकले. जळगावला येतं ते पंख्याचं विमान एटीआरच. एप्रिल २०२४ पासून गोव्याच्या फ्लाय९१ चं येतं. आधी २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनचं छोटं विमान आलं होतं मुंबईहून, मग ट्रूजेटचं. त्या दोन्ही कंपन्या राहिल्या नाहीत, पण विमान बघायला गेलेली माणसं इथंच आहेत. जिजी त्यातल्याच.

“म्हणजे तू आपल्या कुसुंब्याला विमान उतरवशील?”

“उतरवेन काकू. पण पगार कमी, आणि एटीआरचं टाइप रेटिंग वेगळं. पुन्हा एअरबसकडं यायचं म्हटलं तर नव्यानं रांगेत शेवटी. शिवाय नोकरी सोडायला सहा महिन्यांची नोटीस लागते. कॅप्टनला तर वर्षाची. २०१७ पासून सरकारचा नियमच आहे.”

“नोकरी धरायला एवढं नाही लागत,” नाना म्हणाले.

मग त्यानं एक सांगितलं, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याच्या डाव्या बाजूला कधीकधी एक कॅप्टन बसतात, पन्नाशी उलटलेले. जेट एअरवेजमध्ये वीस वर्षं होते. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उडालं आणि ती यादीच संपली. इथं ते कॅप्टन म्हणूनच लागले, पट्ट्या चारच राहिल्या, पण कॅप्टनांच्या यादीत तळाला. तिशीतली पोरं त्यांच्या वर. गेल्या दिवाळीत ते गुवाहाटीला याच हॉटेलात होते. बायकोला व्हिडिओवर लक्ष्मीपूजन दाखवायला लावलं. मोबाइल टीव्हीला टेकवून ठेवला आणि खोलीतल्या साबणाच्या बशीत एक मेणबत्ती लावली.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. भुंगा परत येऊन गेला.

“एअर इंडियात यावरूनच संप झाला होता,” नानांनी सुरुवात केली. त्यांना असे संप तारखेनिशी पाठ. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एक झाल्या. मग प्रश्न पडला, नवीन ड्रीमलाइनर आलं तर ते शिकायला कोणाचे पायलट आधी पाठवायचे. न्यायमूर्ती धर्माधिकारींची समिती बसली तरी २०१२ मध्ये अठ्ठावन्न दिवस संप चाललाच.

“त्यात समिती कशाला?” जिजी म्हणाल्या. “दोन भाऊ वेगळे राहायचे, एकत्र आले. आता थोरली जाऊ कोण? वयानं मोठी ती, की आधी लग्न होऊन आली ती, की मोठ्या घरात आलेली ती? चूल एक झाली की हे होणारच.” मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण विलीनीकरण एवढ्यात समजावता आलं नसतं.

भाच्याला झोप येत होती. त्याचा आराम मोडायला नको म्हणून मी आवरतं घेतलं. आताचे नियम कडक आहेत, आठवड्याला सलग अठ्ठेचाळीस तास विश्रांती, रात्रीच्या लँडिंगला मर्यादा. हेच नियम पाळायला पायलट पुरले नाहीत म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. कॉलनीतली एक बाई पुण्याच्या विमानतळावर दोन रात्री बसली होती, नणंदेच्या मुलीचं लग्न हुकलं. तिला अजून वाटतं पायलटांनी मुद्दाम केलं. ठेवता ठेवता पोरानं विचारलं, “मावशी, मी जाऊ का एटीआरला?”

मी काही बोलायच्या आत नाना बोलले. “घरच्या कारणासाठी जाणार असशील तर जा. पण आकडा लिहून ठेव. आत्ताचा.”

फोन बंद झाला. जिजींनी फडकं सोललं. बिबडं मधोमध फाटलं. त्यांचं कधी फाटत नाही.

“तुम्ही आकडा कुठं लिहून ठेवला होता?” त्या खाली बघूनच म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. जिजी चारचौघांत नानांची नेहमी थट्टा करतात, यांची मेली मालगाडी काही सुटेना, बरोबरीचे मेलवर गेले आणि हे कोळसा ओढत राहिले, परीक्षेला घाबरायचे. नाना हसून सोडून द्यायचे. पण मी मास्तरीण. मला एक नियम पाठ आहे, कारण तो मी भोगलाय. धुळे जिल्हा परिषदेतून जळगावला आंतरजिल्हा बदली घेतली, तेव्हा मला नवीन यादीत शेवटी बसवलं. अकरा वर्षं गेली. मुख्याध्यापक झाले ती निवृत्तीच्या तीन वर्षं आधी. रेल्वेतही विनंती बदलीला हेच.

“नागपूरला होतो,” नाना म्हणाले. “शहाऐंशी साली भुसावळला आलो. विनंती अर्ज केला.”

“माझ्या वडलांना अर्धांग झालं तेव्हा.”

“हो.”

“तुम्ही तर म्हणाले होते, साहेबांनी बदली केली.”

नाना विटेचा तुकडा बोटात फिरवत राहिले. “एकशे त्रेचाळीस,” म्हणाले. “डिव्हिजन बदलला की खालून पहिला. माझ्यापुढं एकशे त्रेचाळीस जण आले. मेल मिळाली, पण उशिरा.” मग जरा थांबून, “पेन्शनला काही फार फरक नाही पडला. रनिंगवाल्यांना बेसिकवर पंचावन्न टक्के धरून देतात. या पोराला तर पेन्शनच नाही.”

जिजी अहिराणीत काहीतरी पुटपुटल्या. माहेरचं बोलणं, रागात आणि रडण्यात एकच ऐकू येतं. चाळीस वर्षं एका घरात, बदली झाली हे माहीत, आकडा माहीत नाही.

मला तिथून निघावंसं वाटलं, पण कप भिंतीवर होता आणि भिंत कमरेएवढी. तेवढ्यात बहिणीचाच फोन आला. पोरानं लगेच कळवलं होतं, मावशीच्या शेजारी पाहुणे बसलेत म्हणून. ती आधी मलाच ओरडली, तू काय काय सांगितलंस? मी म्हटलं, सगळं. मग ती रडकुंडीला आली. आता बायोडाट्यात काय लिहू?

जिजींनी पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीवरून हात पुढं केला. मी मोबाइल दिला. त्याला घाटा लागला.

“‘लवकरच’ काढा ताई,” त्या म्हणाल्या. “को-पायलट लिहा. आणि घराचे कागद बँकेत आहेत, तेही लिहा. मुलगी रविवारी येतेय पुण्याहून, तुम्ही सोमवारी या. नाश्त्याला बिबडे तळते.”

फोन ठेवून त्यांनी फाटलेलं बिबडं उचललं, त्याची नीट घडी केली आणि नानांपुढं धरलं. कच्चं, ओलं, मऊ. नानांना तसंच आवडतं. एरवी जिजी त्यांना खाटेजवळ फिरकू देत नाहीत.